अध्यक्षांच्या मुठीतले तीन दाणे

एका स्वतंत्र देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष रोज सकाळी साडेसातला रक्तदाबाची गोळी घ्यायला नकार देत असत. हट्ट म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं घटनेला धरून होतं. मंत्रिमंडळाचा ठराव झाल्याशिवाय राष्ट्राध्यक्ष काही गिळू शकत नाहीत. ख्राइस्टचर्चच्या एका रेस्टहोममधल्या, म्हणजे वृद्धाश्रमातल्या, निम्म्या मदतनीस मुली या एका गोळीपायी रडल्या होत्या. शेवटी त्यांच्या खोलीवर शकुला नेमलं. ती पहिल्याच दिवशी गोळी तळहातावर घेऊन उभी राहिली, समोरच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे आणि खिडकीतल्या कुंडीकडे बघत म्हणाली, "ठराव मांडते. अनुकूल असतील त्यांनी गप्प राहावं."

खुर्च्या गप्प राहिल्या. कुंडीही. प्रेसिडेंटांनी मान डोलावली, गोळी घेतली आणि त्याच दिवशी शकुला गोळीखात्याची मंत्री करून टाकलं.

दोघांचं बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. पण शकुचं इंग्रजी कराडच्या चालीवर जायचं, म्हणून इथं ते मराठीत सांगितलं तरी काही बिघडत नाही.

प्रेसिडेंटांचा देश मोतुलेवा. ओहोटीला चार बेटं आणि भरतीला साडेतीन. नकाशावर माशी बसली तर अख्खा देश झाकला जायचा. पन्नास वर्षांपूर्वी इंग्रज तिथून गेले आणि लेवातोआ नावाचे हे गृहस्थ अध्यक्ष झाले. अकरा वर्षं राज्य केलं. मग खुर्ची गेली, देश गेला, आणि पुढं वीस वर्षं त्यांनी ख्राइस्टचर्चमध्ये शाळेची बस चालवली. बसमध्ये शिस्त अशी, की शेवटच्या थांब्याला मुलं उभी राहून मोतुलेवाचं राष्ट्रगीत म्हणायची. आता वय एक्क्याण्णव. गुडघे गेलेले, ऐट शाबूत. कपाटात एक जुनी, साईच्या रंगाची लांब विजार घडी करून ठेवलेली असे. ती धुवायला कुणी नेली तर परराष्ट्र संबंध बिघडतील, अशी ताकीद होती.

शकु बारा वर्षांपूर्वी इथं आली. नवरा शशिकांत शिकायला आला आणि भूकंपात पडलेलं शहर परत उभं करायच्या कामाला लागला, तो लागलाच. मुलगी ईशा पंधरा वर्षांची, तिला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. शकु बोलायला हळू, पण नेमाला पक्की. सकाळी दिवा, संध्याकाळी दिवा, चातुर्मासात एक धान्य सोडलेलं, आणि दर शुक्रवारी आईकडून आलेली देवीची कहाणी.

कहाणीची रीत अशी. सकाळी उपाशीपोटी बसायचं. कुंकवात घोळलेले तीन तांदूळ सांगणारीच्या मुठीत, तीन ऐकणाऱ्याच्या. कहाणी सुरू झाली की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, मध्ये दुसरं काही बोलायचं नाही. संपली की दाणे पाखरांना घालायचे. सोप्यात सोपा नेम. एकच अडचण, ऐकणारं माणूस लागतं. एकटीनं पुटपुटलेलं देवीला चालत नाही. चालत असतं, तर आईनं जन्मभर शेजारणीची एवढी मनधरणी केली नसती.

शशिकांत सकाळी सहाला साइटवर जायचा. ईशाला विचारलं तर ती कानातली बोंडं न काढता "मम, हीप्स ऑफ होमवर्क" म्हणाली. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला बसवावं, असंही शकुच्या मनात येऊन गेलं. पण त्याचं दूध घ्यायला गिऱ्हाईक मध्येच येणार. आणि इथं तर एक मनुष्य रोज तिच्यासमोर बसलेला, वेळच वेळ असलेला, आणि हात दिल्याशिवाय उठू न शकणारा. देवीनं स्वतः निवडला असता तरी याहून लायक श्रोता मिळाला नसता.

तिनं रीतसर ठराव मांडला. खुर्च्या गप्प राहिल्या.

पहिल्याच शुक्रवारी कहाणी निम्म्यावर आली आणि शेजारच्या खोलीची घंटा वाजली. शकु मनात देवीची क्षमा मागून उठली. दहा मिनिटांनी परतली तर प्रेसिडेंट घामाघूम. त्यांनी सांगितलं, की मोतुलेवात कुणीही अर्धी गोष्ट घेऊन होडीत पाय ठेवत नाही. अर्धी गोष्ट म्हणजे होडीला भोक. त्यांचा एक मामा अर्धी ऐकून मासेमारीला गेला, तो अजून यायचाय. शकुनं कहाणी पुरी करून टाकली, आणि त्या दिवसापासून शुक्रवारी ती ड्युटीच्या आधी अर्धा तास येऊ लागली, म्हणजे घंटा दुसऱ्या कुणाची तरी असे.

असे चौदा महिने गेले. रिकार्टन भागातल्या देशी दुकानातून आणलेल्या कुंकवाच्या दोन डब्या संपल्या. कहाण्या निरनिराळ्या, पण हाडं तीच. कुणाला तरी भरभरून मिळतं, तो उततो, माततो, ज्याच्यामुळं मिळालं त्यालाच विसरतो. मग राज्य जातं, दारोदार फिरायची पाळी येते. शेवटी कुणी म्हातारी वाटेत भेटते, चूक सांगते, आणि गेलेलं परत येतं. प्रेसिडेंट मूठ आवळून ऐकत. संपली की दर वेळी एकच विचारत, "राजाचं नक्की चुकलं काय?"

शकु दर वेळी सांगायची, "त्याला वाटलं, सगळं आपणच केलं."

मग ते मूठ उघडून दाणे तिच्या हातावर ठेवत आणि शकु ते खिडकीबाहेर चिमण्यांना टाकत असे. चिमण्यांच्या आधी समुद्रपक्षी येत, कोंबडीएवढे आणि भांडखोर. पण देवीनं पाखरं म्हटलं होतं, जात सांगितली नव्हती.

प्रेसिडेंटांना एकच गोष्ट हवी होती. घरी जायचं होतं. मोतुलेवाच्या वाळूत मरायचं होतं, एवढंच. आणि आड येत होता एक कायदा, जो खुद्द त्यांनीच केला होता. विरोधकाचा काटा काढायचा म्हणून त्यांनी एक ओळ मंजूर करवून घेतली होती: राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवाय जो देश सोडेल, त्याला परत येता येणार नाही. विरोधक हुशार, तो देश सोडून गेलाच नाही. पुढच्याच महिन्यात प्रेसिडेंट माशांच्या परिषदेसाठी वेलिंग्टनला आले. चार दिवसांची परिषद. तिसऱ्या दिवशी त्यांचे मेव्हणे, म्हणजे मत्स्यमंत्री, त्यांच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की अध्यक्ष जाताना कुणाचीच सही घेऊन गेलेले नाहीत. एकोणचाळीस वर्षं झाली. मेव्हणे वारले, कायदा टुणटुणीत.

शकुला हे हसण्यावारी नेता आलं असतं. तिनं नेलंही, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. पण सगळ्या देशांच्या सीमा बंद होत्या त्या वर्षी तिची आई कराडला वारली, आणि शकुनं इथल्या स्वयंपाकघरात फोनवर पाहिलं. दार उघडं असतं तर पोचता आलं असतं, हे दुःख काय असतं ते तिला शिकवावं लागत नव्हतं. ती एकदा गोळी देताना सहज म्हणाली, "तुम्हाला मी घरी पोचवते." बोलून तर गेली. मग घरी जाऊन दिव्यापाशी बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हे आपण बोलून बसलो आहोत, आणि बोललेलं पाळायची आपल्याला खोड आहे.

अशात मोतुलेवाहून पत्र आलं. स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव होता. चौकात पहिल्या अध्यक्षांचा पुतळा तयार होऊन उभा होता, आणि पुतळा देशात असताना मूळ माणूस बाहेर असणं पाहुण्यांपुढं बरं दिसत नव्हतं. म्हणून सोय काढली होती. फेतुआ नावाचे सचिव शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतील. प्रेसिडेंटांनी सोबतचा तीन मिनिटांचा संदेश वाचायचा. तिकडं संसदेत पडदा लावून अकराच्या अकरा सभासद तो पाहतील, आणि संदेश जसाच्या तसा वाचला गेला तर लगेच तो कायदा रद्द करतील. शब्द बदलायचा नाही.

संदेश एक पानाचा होता. मी या राष्ट्राची पायाभरणी स्वतःच्या हातांनी केली, मी कधी विश्रांती घेतली नाही, मी काही मागितलं नाही, असं त्यात तेवीस वेळा मी होतं. शकुनं रोज सकाळी त्यांच्याकडून तालीम करून घेतली. ते खणखणीत वाचायचे, फक्त "स्वतःच्या हातांनी" आलं की थांबायचे आणि हाताकडं बघायचे. शकु म्हणायची, बघू नका, वाचा. घरी जायचंय ना?

सगळं जुळत आलं आणि बुधवारी गादी उलटताना सफाईवाल्या मुलीला उशीच्या खोळीत पाच लाल दाणे सापडले. ती ओरडली. रेस्टहोमची मॅनेजर लिनेट आली. लिनेट वाईट नव्हती, पण तिचा फॉर्मवर विश्वास होता, जसा शकुचा देवीवर. तिनं फॉर्म भरला: लाल रंगाचे अज्ञात कण, रुग्णाने गिळले असण्याची शक्यता, खिडकीशी आक्रमक पक्षी. दाणे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तारीख टाकली. शकुनं खरं ते सांगितलं, की हे तांदूळ आहेत आणि देवीचे आहेत. लिनेटनं "देवीचे" हा शब्दही फॉर्मात लिहिला, म्हणजे जास्तच बिघडलं. चौकशी होईपर्यंत शकुनं लॉन्ड्रीत टॉवेलांच्या घड्या घालायच्या, प्रेसिडेंटांच्या खोलीकडं फिरकायचं नाही.

शकुला अपमानाचं फार वाटलं नाही. एकच कोडं पडलं. दाणे तर ती दर शुक्रवारी पाखरांना टाकत होती, मग पाच उरले कसे? टॉवेल मोजता मोजता तिला आठवलं, की गेले काही महिने तिच्या हातावर तीनऐवजी दोनच दाणे येत होते. म्हाताऱ्याच्या बोटांना चिकटत असेल, असं तिनं धरलं होतं. राष्ट्राध्यक्ष देवीच्या अक्षतांची चोरी करत असतील, हे कुणाच्या मनात येणार.

शुक्रवार उजाडला. नेमाप्रमाणे शकु उपाशी आली आणि लॉन्ड्रीत गेली. सव्वादहाला लिनेट दारात उभी. चेहरा उतरलेला. वर लाउंजमध्ये कॅमेरा लागलाय, झेंडा लावलाय, पलीकडं एक अख्खी संसद बसलीय आणि प्रेसिडेंट तोंड उघडायला तयार नाहीत. म्हणतात, आज शुक्रवार, आधी कहाणी. मंत्रीणबाईंना बोलवा.

शकु हात पुसत गेली. मनात हिशोब केला: सगळ्यांत छोटी कहाणी सांगायची, चार मिनिटांत आटपायची, की मग संदेश. लाउंजमध्ये प्रेसिडेंट कोट घालून बसले होते, आणि खाली ती साईच्या रंगाची विजार. बाजूला सचिव फेतुआ, चाळिशीचे, गंभीर, गळ्यात शिंपल्यांची माळ आणि मनगटाला परतीच्या विमानाची घाई. समोर कॅमेरावाला. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर मोतुलेवाची संसद दिसत होती, पंख्याखाली अकरा माणसं, मधोमध पंतप्रधानबाई. त्या दिवंगत मत्स्यमंत्र्यांच्या कन्या, म्हणजे नात्यानं प्रेसिडेंटांची भाची.

प्रेसिडेंटांनी विजारीच्या खिशात हात घातला आणि चिमूटभर लाल तांदूळ काढले. धुवायला बंदी असलेली देशातली एकमेव जागा. उशीतले पाच नुसते सांडलेले होते. त्यांनी तीन दाणे शकुला दिले, तीन फेतुआंना, तीन कॅमेरावाल्याला. लिनेट दाराशी होती, तिच्या तळहातावरही तीन ठेवले. तीन स्वतः घेतले. शकुनं तोंड उघडलं, तसा त्यांनी हात वर केला.

"आज तू ऐकायचं," ते म्हणाले. "मी सांगतो."

हा मनुष्य काय सांगणार आहे हे शकुला कळलं होतं, आणि ते त्या कागदावर नव्हतं. त्यांना थांबवायला हवं होतं. पण दाणे मुठीत आले होते आणि प्रेसिडेंटांनी सुरुवात केली होती. आता संपेपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. चाळीस वर्षांत एकदाच, त्या घंटेपायी, मोडलेला नेम. ती मूठ आवळून बसली आणि देवीला मनातल्या मनात म्हणाली, की तुझ्या नेमापायी या म्हाताऱ्याचं दार बंद होतंय, बघ बाई.

"ऐका मोतुलेवा, तुमची कहाणी," प्रेसिडेंट म्हणाले. "समुद्रात एक देश होता. तिथं एक इंग्रज साहेब होता. साहेबाला घरी जायची बोट पकडायची होती. पण देश कुणाच्या तरी हातात देऊन सही घ्यायची, असा वरून हुकूम होता. साहेब किनाऱ्यावर आला, म्हणाला, लांब विजार कुणाकडं आहे? फोटोत बरं दिसलं पाहिजे. अख्ख्या देशात लांब विजार एकच होती, ती राजाच्या मेव्हण्याची. राजा तेव्हा राजा नव्हता, शाळामास्तर होता. मेव्हणा होता जाडा, साहेबाला फोटोत बारीक माणूस हवा होता. म्हणून मास्तरनं मेव्हण्याची विजार घातली, कंबरेला काथ्या बांधला, सही केली. साहेब बोटीत बसला. झाला देश स्वतंत्र."

पडद्यावर कुणीतरी खोकलं. फेतुआंनी हातातल्या संदेशाच्या कागदाकडं पाहिलं.

"राजानं शाळा काढली, दवाखाना काढला, विहिरी खणल्या. खणल्या लोकांनी, राजानं नारळ फोडले. तेव्हा राजा बरा होता. मग तो उतला, मातला. तिकिटावर आपला चेहरा छापला. चेहरा लहान वाटला, म्हणून तिकीट मोठं केलं. मग पाकिटावर पत्ता लिहायला जागा उरेना आणि देशाची पत्रं देशातच राहू लागली. राजानं आपल्या वाढदिवसाची सुट्टी दिली, मग राणीच्या वाढदिवसाची, मग आपल्या होडीच्या वाढदिवसाची. आठवड्याला एक पाण्यावर उतरणारं विमान यायचं, त्याला राजाचं नाव. ज्या धक्क्याला ते लागायचं त्यालाही राजाचं नाव. वैमानिक विचारायचा, मी कशात बसून कुठं चाललोय?"

इथं पंतप्रधानबाईंनी तोंडावर हात धरला. दोन सभासदांनी तो हसू दाबायला धरलाय की रागानं, हे पाहायला माना वळवल्या, आणि त्यांना कळेना.

"मेव्हणा म्हणाला, राजा, माझी विजार परत दे. राजा म्हणाला, कसली विजार? ही राष्ट्रीय विजार आहे. लोक म्हणाले, राजा, हे आपण सगळ्यांनी केलं. राजा म्हणाला, मी केलं, स्वतःच्या हातांनी. जो नाही म्हणेल त्यानं देश सोडावा, आणि माझ्या सहीशिवाय सोडला तर परत येऊ नये. असं कुलूप केलं. आणि मग राजा स्वतःच मासे बघायला परदेशी गेला. मागं वळून पाहतो तर दार बंद. कुलूप त्यानंच लावलेलं. राजा उंबऱ्याबाहेर बसला. एक वर्ष बसला, दहा वर्षं बसला, एकोणचाळीस वर्षं बसला."

आणि प्रेसिडेंट थांबले.

पंखा फिरताना दिसत होता. लिनेट दाराला टेकून उभी होती, मूठ बंद. फेतुआंनी विचारलं, "पुढं?"

"पुढचं मला कुठं ठाऊक आहे," प्रेसिडेंट म्हणाले. "अजून घडलं नाही."

तिकडं संसदेत जे झालं ते आधी शकुला उमगलं नाही. एक वयस्कर सभासद उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग दुसरे. अकरातले सात जण बाहेरच्या बेटांवरचे, त्यांच्या होड्या धक्क्याला लागलेल्या, ओहोटीच्या आत निघायला हवं होतं. आणि सगळ्यांच्या पदरात अर्धी गोष्ट पडली होती. फेतुआंचाही चेहरा पांढरा पडला. होडीचं राहू द्या, त्यांना विमानात बसायचं होतं. तिथं भोक पडलं तर पोहायचीही सोय नाही.

त्यांनी घाईनं कागद पुढं केला. संदेश वाचा, कायदा रद्द होतो, गोष्ट पुरी होते, सगळे सुटतात. प्रेसिडेंटांनी मान हलवली. म्हणाले, हा वाचला तर आत्ता सांगितलं ते खोटं ठरतं, आणि खोट्या गोष्टीनं तर होडी जागेवर बुडते. पडद्यावर सभासदांची जुंपली. दोघांचे वडील तिकीटखात्यात होते, ते म्हणत होते, ही बदनामी आहे, कायदा रद्द करायला आम्ही मुळीच हात वर करणार नाही. पाच म्हणत होते, करा काहीतरी, पाणी उतरतंय. पंतप्रधानबाई टेबल वाजवत होत्या. बाकीचे कुठल्याच बाजूला हात वर करेनात, मतं पुरी पडत नव्हती.

शकु मूठ आवळून बसलेली. तिला उत्तर दिसत होतं, इतकं समोर, की इतक्या शिकल्यासवरल्या माणसांना दिसत नाही याचं नवल वाटत होतं. कराडच्या तहसील कचेरीत वडिलांचं बोट धरून जिनं बालपण काढलं, तिला कागद माणसापुढं नव्हे, माणसामागून चालतात हे पाळण्यातच कळलेलं असतं. पण बोलायचं कसं? कहाणी संपली नव्हती. मग तिच्या डोक्यात आलं, मध्ये दुसरं काही बोलायचं नाही, असा नेम आहे. कहाणी पुढं सांगायची नाही, असं आई कधी म्हणाली नव्हती.

ती हळू आवाजात म्हणाली, "मग राजाला वाटेत एक बाई भेटली. डोक्यावर धुण्याचं गाठोडं होतं."

पंतप्रधानबाईंचा टेबल वाजवणारा हात थांबला. पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला.

"ती म्हणाली, राजा राजा, रडतोस का? राजा म्हणाला, कायदा आड येतो. अध्यक्षाच्या सहीशिवाय जो गेला, तो परत येणार नाही. बाई म्हणाली, तू गेलास त्या दिवशी अध्यक्ष कोण होता?"

तिनं प्रेसिडेंटांकडं पाहिलं. ते म्हणाले, "राजा म्हणाला, मीच होतो."

"बाई म्हणाली, निघताना स्वतःला विचारलं होतंस, जाऊ का म्हणून?"

"विचारलं होतं. बोटीच्या पायरीवर."

"मग अध्यक्ष काय म्हणाले?"

प्रेसिडेंटांनी जरा आठवलं. "जा म्हणाले."

"बाई म्हणाली, म्हणजे परवानगी तर होती. कागद तेवढा राहिला. कागदाचं काय, तो मागाहून होतो."

पडद्यावर अकरा माणसं एकमेकांकडं बघत होती. वडील तिकीटखात्यात होते त्यांतल्या एकानं कायद्याचं पुस्तक उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. सही कधी करायची, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. ज्यानं कायदा केला तो त्या दिवशी घाईत होता.

खोलीत कोरा कागद नव्हता. संदेशाच्या कागदाची मागची बाजू होती, पण प्रेसिडेंटांनी ती घेतली नाही. लिनेटच्या काखेत फॉर्मांची फाइल होती. वरचाच फॉर्म लाल कणांचा होता. तिनं तो दोनदा पाहिला, मग उलटा करून पुढं धरला. त्यावर प्रेसिडेंटांनी लिहिलं: लेवातोआ यांस देशाबाहेर जाण्यास परवानगी आहे. खाली सही, आणि तारीख आजचीच. शकुनं सांगितलं, तारीख खरी घाला, उशीर झाला म्हणून परवानगी खोटी होत नाही.

फेतुआंनी फॉर्म कॅमेऱ्यापुढं धरला. पंतप्रधानबाई पुढं वाकून वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्या पहिल्यांदा सरळ मामांशी बोलल्या.

"सही चालेल," त्या म्हणाल्या. "येताना बाबांची विजार आणा."

"आणतो," प्रेसिडेंट म्हणाले. मग त्यांना आठवलं, सात होड्या खोळंबल्यात. त्यांनी घाईनं शेवट केला. "राजा घरी निघाला. जसा तो निघाला, तसे तुम्ही सगळे आपापल्या होडीत बसा, आणि ज्याचं जे नेलंत ते त्याला द्या."

संसद एवढ्या चपळाईनं रिकामी झालेली मोतुलेवानं कधी पाहिली नव्हती.

तीन आठवड्यांनी प्रेसिडेंट गेले. विमानतळावर शकुनं शेवटची गोळी तळहातावर घेतली, रांगेतल्या माणसांकडं बघून ठराव मांडला. सगळे गप्प राहिले. कुणी तरी मागून "स्वीट ॲज", म्हणजे इथल्या बोलीत झकास, म्हणालं, ते अनुमोदन धरण्यात आलं. फेतुआंनी नंतर कळवलं, की धावपट्टीवर बँड वाजत असताना म्हाताऱ्यानं व्हीलचेअरवर बसल्या बसल्या विजार काढली, नीट घडी घातली आणि भाचीच्या हातात दिली. आत गुडघ्यापर्यंतची लुंगी नेसलेली होती. फोटोत मात्र तेवढं येऊ दिलं नाही.

लिनेटनं चौकशी बंद केली. फॉर्मची मागची बाजू देशाच्या दप्तरात गेल्यामुळं तिनं नवा भरला, आणि कारवाईच्या रकान्यात लिहिलं, रुग्ण मायदेशी. शकुला लॉन्ड्रीतून वर आणलं. पुढच्या शुक्रवारी ड्युटीच्या आधी लिनेट येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, देखरेख म्हणून आलेय. आणि हात पुढं केला.

प्रेसिडेंट पाच महिने जगले, घरच्या वाळूत गेले. जे बेट भरतीला बुडतं त्यावर नव्हे, अखंड बेटावर. पुतळ्याखाली "स्वतःच्या हातांनी" कोरायचं होतं, त्यावर संसदेत अजून वाद चालू आहे, तेवढा दगड कोरा आहे. पुतळ्याच्या उजव्या मुठीत घटनेची गुंडाळी बसवायची होती, तीही राहिलीच. मूठ पोकळ आहे. फेतुआंनी फोटो पाठवलाय. होडीत बसायच्या आधी लोक त्या मुठीत तीन तांदूळ टाकतात, का ते कुणाला नक्की सांगता येत नाही. अन् त्या दाण्यांपायी गावातल्या कोंबड्या दिवसभर राष्ट्रपित्याच्या हातावर, खांद्यावर, डोक्यावर बसलेल्या असतात. सरकारला याची लाज वाटते. त्यांनी शकुला विचारलंय, काय करावं.

शकुनं उत्तर पाठवलं, काही करू नका. अक्षता शेवटी पाखरांनाच घालायच्या असतात.